राहिलेला रोजा

"रौशनबी, सुई ठेवा आता खाली. ताटं वाढली मी, हात धुवा."

इंदुताईंची ओसरीवरून हाक आली तेव्हा रौशन नवरीच्या गादीवर गुडघे टेकून बसली होती. दोरा अर्धा ओढलेला, तसाच हातात. स्वयंपाकघरातला तुपाचा वास तिला मघापासून कळत होता. पुरण शिजलं होतं, कढईत भजी पडत होती. एके काळी या वासानं तिच्या हाताला वेग आला असता. आता पोटाच्या उजव्या अंगाला काहीतरी दचकलं.

"मले रोजा हाये, ताई," ती म्हणाली.

अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तिचा नवरा अब्दुल गनी कापूस पिंजत होता. पिंजणाच्या तातीचा धुंग-धुंग आवाज सकाळपासून चालला होता, तो एकदम थांबला.

"आता कोनता रोजा?" इंदुताई पदराला हात पुसत पायरीवर आल्या. "रमजान तं दिवाळीच्या वक्ताले होता न वं?"

"तवा मी यवतमाळले दवाखान्यात होतो न, ताई. ते रोजे राह्यले. जमते तसा एकेक करून राह्यलो. आज जुमेरात, तुमचा गुरवार हाये, म्हटलं एक होऊन जाईन."

खोटं इतकं सुरळीत बाहेर आलं की रौशन स्वतःच घाबरली. राहिलेले रोजे खरे होते. आजचा तेवढा खोटा होता. पहाटे रोज्याचा संकल्प नव्हता की काही नव्हतं. सकाळी निघताना तिनं मीठ घातलेला मऊ भात खाल्ला होता आणि वर अर्धा कप कोरा चहा.

इंदुताईंचा चेहरा उतरला. "असं कसं? आमच्यात नवरीची गादी शिवनाऱ्या बाईले उपाशी नाई ठेवत. पोरगी सासरी जाऊन त्याच गादीवर निजनार." मग त्यांनीच तोड काढली. "बरं, धर्माचं हाये, त्यात मी नाई पडत. पन सांजच्याले इथंच सोडाचा. घरी जाऊन नाई. सांगून ठेवतो."

गनी हात धुवायला आडाशी गेला आणि दोरा भिजवायच्या निमित्तानं रौशनही मागे गेली. गनी तोंडावर पाणी मारत होता. कापसाचं तूस त्याच्या भुवयांवर, दाढीवर बसलेलं होतं. पन्नाशीतला माणूस सत्तरीचा दिसत होता.

"झूटा रोजा?" तो दबक्या आवाजात म्हणाला. घरात त्यांची बोली अशीच, थोडी वऱ्हाडी, थोडी हिंदी. "तोबा कर. आल्लाले काय सांगशीन?"

"आपल्या पोरीले या कामाले बसवू नका. मंग आल्लाले काय सांगाचं ते मी पाह्यतो."

गनीनं खांद्यावरचं फडकं ओढलं. तोंड पुसून जेवायला गेला.

ते सकाळीच बोलणं झालं होतं. लुनाच्या मागे पिंजण बांधता बांधता त्यानं पाठमोराच विषय काढला होता. "आजच्या दिवस पाह्यतो, रौशन. तुले झेपलं तं ठीक. नाई तं शमाले संगं घेतो. लगनसराई हाये, वर्षाचं काम याच दोन महिन्यांत होते. मी पिंजू का शिवू?" त्यांची मुलगी शमा आत बसून पाठ करत होती. बारावीची परीक्षा महिन्यावर आली होती. तिचं पाठांतर क्षणभर थांबलं होतं, हे दोघांनीही ऐकलं होतं.

गनीचंही चूक म्हणता येत नव्हतं. रौशनच्या पोटाला सगळे कंटाळले होते, सगळ्यांत जास्त ती स्वतः. पित्ताच्या पिशवीत खडे झाले होते तेव्हा लोक समजून घ्यायचे. रात्ररात्र ती भिंतीला डोकं लावून बसायची, शेजारणी लिंबूपाणी घेऊन यायच्या. बरगडीखाली वीतभर चिरून डॉक्टरांनी पिशवी काढली, खडे छोट्या बाटलीत घालून दिले, ते सगळ्या मोहल्ल्यानं हातात घेऊन पाहिले. त्यानंतर मात्र कोणाच्या लेखी दुखणं उरलं नाही. काढून टाकलं ना? मग आता काय?

आता असं, की काहीही खाल्लं की अर्ध्या घंट्यात पोटात पिळा पडायचा आणि पळावं लागायचं. तूप-तेल असलं तर तेवढाही दम नाही. पोट फुगून यायचं, तोंडाला कडू पाणी सुटायचं. पुन्हा दाखवायला गेली तेव्हा डॉक्टर चांगलं बोलले. "पिशवी काढली बाई, पित्त तर आहेच ना. आधी ते साठून राहायचं, जेवलं की लागेल तसं यायचं. आता ते सारखं आतड्यात उतरतं. काही जणांचं लवकर सुरळीत होतं, काहींना महिने जातात. तुपकट टाळा, थोडं थोडं खा, घाबरू नका." महिने जातात म्हणजे किती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं तिला सुचलं नाही.

आणि गादीचं काम असं, की ते लोकांच्या अंगणात जाऊन करायचं. दिवसभर परक्याच्या दारात बसायचं, परक्याचं जेवायचं आणि परक्याच्याच घरी विचारायचं, बाई, जरा जाऊन येऊ का? गेल्या महिन्यात त्यांच्याच गावी, दिग्रसला, एका मास्तरांच्या घरी ती दुपारपर्यंत तीनदा गेली. तिसऱ्यांदा बाहेर आली तर मास्तरीणबाईंनी दाराशी फिनाईलची बाटली आणून ठेवली होती. तोंडानं एक शब्द नाही. रौशननं संडास धुतला आणि सरळ घरी निघून आली. उरलेली कोर, म्हणजे गादीच्या कडेची शिवण, गनीनं शिवली. कोपरे बसले नाहीत. त्या दिवसापासून शमाचं नाव त्याच्या तोंडात येऊ लागलं.

इथं, इंदुताईंचे यजमान किसनराव यांच्या या गावात, तर तेही नव्हतं. परसात सरकारी योजनेतला संडास होता, पण त्यात चुलीसाठी कपाशीच्या, पऱ्हाटीच्या काड्या भरलेल्या. बायका पहाटे नाहीतर अंधार पडल्यावर बाहेर जायच्या. भर दुपारी जायचं कुठं? सकाळी येताच तिनं हे सगळं पाहून घेतलं होतं. म्हणूनच रोजा.

गंमत अशी, की एकदा तोंडातून निघाल्यावर तो तिला मोडवेना. आडाशी कोणी नव्हतं, बादली भरलेली होती, घसा तुसानं खरवडून निघाला होता. ओंजळ भरली तिनं. मग पाणी तसंच बोटांतून जाऊ दिलं आणि ओला हात मानेवरून फिरवून परत आली.

दुपारी किसनराव येऊन बाजेवर टेकले. रुईचा ढीग पाहून म्हणाले, "गनीभाऊ, औंदा भाव आयकला का? म्हटलं इकन्यापरीस पोरीच्या अंगाखाली गेला तं बरा. दोनाच्या तीन गाद्या करा. जवाई मरते तिकडं उकडून."

"तीन कराले तुमाले जवाईबी जाडा पाह्यजे, किसनभाऊ," गनी म्हणाला.

"काडी हाये जी काडी!" इंदुताई आतून ओरडल्या. "फोटोत पाह्यलं नाई का?"

नवरी, सोनू, लाजली नाही, फस्सकन हसली. ती रौशनच्या शेजारी बसून दोरा ओवून देत होती. रौशननं खोळीत रुई सारखी बसवली, काठीनं झोडून घेतली आणि कडेची कोर धरली. दाभण आरपार घालायचं, दोन्ही हातांनी दोरा ओढायचा आणि ओढताना सगळं अंग मागं टाकायचं. प्रत्येक टाक्याला बरगडीखालचा व्रण ताणायचा.

"चाची, दुखते का वो?"

"नाई बेटा. उपासाचं होते थोडं."

"तुमची शमा माह्यापेक्षा लहान ना? शिकून राह्यली म्हने."

"हो. बारावीले हाये." रौशनचा आवाज आपोआप सरळ झाला. "सायन्स घेतलं तिनं. नर्सिंगले जातो म्हनते."

"मजा हाये बाप्पा तिची," सोनू म्हणाली आणि सुईत दोरा घालू लागली.

ऊन कलेपर्यंत दोन गाद्या उभ्या राहिल्या. चारी कोपरे कसे ताठ. इंदुताईंनी हात फिरवून पाहिला. "माय वं! हिच्यावर आमच्या सोनूलेच काय, म्हाताऱ्यालेबी झोप लागन." गनीनंही तिरक्या नजरेनं पाहून घेतलं. दिवसभरात रौशनला एकदाही बाहेर जावं लागलं नव्हतं. तिला वाटलं, जमलं. आता सामान बांधायचं आणि निघायचं. इतकंच राहिलं.

पण ओसरी सारवलेली होती, सतरंजी टाकलेली होती. इंदुताई ताट घेऊन आल्या.

"खजूर नाई भेटला इथं. दुपारीच खारका भिजू घातल्या. चालतात न, गनीभाऊ? मी शेजारच्या गावच्या हमीदाबीले इचारून आनलं पोराहाती, काय काय लागते म्हून."

खारका होत्या. गुळाचं सरबत होतं. दोन पुरणपोळ्या होत्या, आणि वाटीत कढवलेलं तूप. आणि शेजारी दुसरंही ताट होतं.

"हे कोनाचं?" रौशननं विचारलं.

"माहं. तुम्ही पान्याचा थेंब नाई घेतला दिवसभर माह्या पोरीच्या गादीसाठी. मले कसा घास गेला असता? म्हटलं मीबी संगंच सोडतो."

रौशननं मान खाली घातली. काहीतरी बोलावं, आत्ताच बोलावं, असं तिच्या मनात आलं. ताई, मले तूप चालत नाई. पण मग दुपारी का नाही सांगितलं? मग रोजा कशाला? आणि सगळं या बाईसमोर, जिच्या ओठांना कोरड पडलेली दिसत होती.

गावात मशीद नव्हती. सूर्य पऱ्हाटीच्या मागे उतरला होता. सगळे थांबले, किसनरावसुद्धा, आणि सगळ्यांनी गनीकडे पाहिलं.

"सांगा गनीभाऊ. झालं का टाईम?"

गनीनं पश्चिमेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग रौशनकडे न बघता म्हणाला, "झालं."

रौशननं खारीक तोंडात घातली. दिवसभर पाणी प्यावं असं तिला फार वाटत होतं, ते तिनं मग घोटभर प्यायलं. इंदुताईंनी तिच्या पोळीवर तुपाची धार धरली, ती नको नको म्हणेपर्यंत दुसरी धरली. "खा वं बाई. पाह्य कशी वाळून गेली. ऑपरेशनवाल्या मानसाच्या अंगात ताकद येते तुपानं." आणि स्वतः पहिला घास मोडला तो रौशननं खाल्ल्यावरच.

रौशननं दोन्ही पोळ्या खाल्ल्या.

"निंगतो आता. अंधार होते," गनी तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा कुठं त्यांना सोडलं. तिसरी गादी आणि तक्के शनिवारी करायचे ठरले. सोनूनं वाकून नमस्कार केला. रौशननं तिच्या गालावरून हात फिरवला, पण हात गार पडला होता आणि कानामागे घाम होता.

गावाबाहेरच्या पुलापर्यंत ती कशीबशी धरून राहिली. मग मागून गनीचा सदरा ओढला. त्यानं विचारलं नाही. लुना कडेला घेतली.

शेतात पऱ्हाटी उभी होती, पण पानं झडून गेलेली. नुसत्या काड्या आणि मधेमधे वेचायचे राहिलेले पांढरे ठिपके. आडोसा असा नव्हताच. ती पाच-सात सऱ्या आत गेली आणि पुढं जाववेना म्हणून तिथंच बसली. एवढ्यात वळणावर ट्रॅक्टरचा उजेड आला, शेतावरून फिरला आणि तिच्याकडे सरकू लागला.

गनी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, चढला. अंगावरची शाल काढून त्यानं दोन्ही हातांत ताणली आणि रौशनकडे पाठ करून उभा राहिला.

ट्रॅक्टर थांबला. किसनरावांच्याच गावचा उकंडा नावाचा माणूस चालवत होता. "कोन हाये? गनीभाऊ? लुना फसली का?"

"नाई, नाई. शाल झटकून राह्यलो. तूस लई बसते."

"मले वाटलं, पाखरं हाकलून राह्यले रातच्याले." उकंडा हसला. मग त्याला लुनाजवळ घाईत सुटून पडलेल्या बायकी चपला दिसल्या असाव्यात. हसणं मधेच राहिलं. त्यानं ट्रॅक्टरचा दिवा बंद केला आणि मान दुसरीकडे वळवून बोलू लागला. "बरं झालं भेटले. आमच्या पोरीचंबी जमलं. घरची म्हनते, कोर रौशनभाभीच्याच हातची पाह्यजे."

अंधारात गनीनं वाऱ्यानं दुमडलेली शाल पुन्हा ताणली. पोटात पुन्हा एक कळ उठली आणि रौशननं ओढणीचं टोक दातांत धरलं. आवाज होऊ नये म्हणून.

"येतो शनिवारी," गनी म्हणाला. "शमा येईन संगं. तिचा हात मायच्यावानीच हाये."

"पोरगी बारावीले हाये म्हनत होते ना?"

"हाये."

"आन भाभी?"

"ती राहीन आता घरी." गनीचा आवाज कधी नव्हे इतका हळू झाला होता. "तिले नाई झेपत, उकंडा. लई सोसून राह्यली."

उकंडानं नुसता हुंकार दिला. ट्रॅक्टर निघून गेला. दिवा त्यानं बराच पुढे गेल्यावर लावला.

रौशनचं झालं होतं. उठायचं तेवढं राहिलं होतं. ती तशीच बसून राहिली, मातीवर हात टेकून. धुऱ्यावर गनी उभा होता. वारा सुटला होता आणि शाल फडफडत होती. रस्त्यावर आता कोणी नव्हतं. तरी त्यानं हात खाली घेतले नाहीत आणि मागं वळूनही पाहिलं नाही.