बळीरामचे वरचे सूर

"पेटीत खोट नाही," बळीरामनं तिसऱ्यांदा सांगितलं. "चाळीस वर्षांपासून पेट्या बसवून राहिलो मी. आता मले सूर कोण शिकवीन?"

टेबलापलीकडे प्रतिमाबाई बसल्या होत्या. शहरातल्या चेरीताल भागात त्या मुलांना गाणं शिकवत. आईची जुनी हार्मोनियम त्यांनी कांचघर भागातल्या बळीरामच्या दुकानात दिली होती. तीनदा नेली, तिन्ही वेळा वरचे सूर चढेच राहिले. शेवटच्या खेपेला बळीराम चारचौघांत म्हणाला होता, "मॅडम, पेटी ठीक आहे. तुमचे कान दाखवून घ्या." त्यावर त्यांनी ग्राहक आयोगात तक्रार केली. आयोगानं दोघांची संमती घेऊन प्रकरण मध्यस्थीला पाठवलं.

मध्यस्थ होती ऋचा, एक वकील. तिनं प्रतिमाबाईंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं आणि दार लोटलं.

"बळीरामजी, इथलं बोलणं फाइलीत जात नाही. समझौता झाला तर तेवढाच लिहायचा. नाही झाला तरी कोण काय बोललं, ते मी आयोगालासुद्धा सांगत नाही."

"आन् मॅडमनं बाहेर सांगितलं तर?"

"त्यांनाही सांगता येत नाही. तुमच्यासारखीच त्यांनीही गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे."

बळीरामनं वर पाहिलं. "हा पंखा आवाज करून राहिला का?"

"हो. सारखा किरकिरतो."

"मले नाही येत ऐकू." त्यानं नजर खाली आणली. "दोन वर्षं झाली. बारीक आवाज गेले. खालचे सूर लागतात बरोबर. वरचे कानशीनं अंदाजानं घासतो. हे बाजारात समजलं तर कोण पेटी देईन मले?"

ऋचानं पाण्याचा ग्लास त्याच्यापुढे सरकवला. मग विचारलं, "मॅडमना मी सांगू?"

"नाही. त्यांच्या कानाले नावं मी ठेवली. मीच सांगतो."

प्रतिमाबाई आत आल्या. बळीरामनं खाली मान घालून सगळं सांगितलं.

"म्हणजे माझे कान ठीक आहेत," त्या म्हणाल्या.

ऋचा हसली. बळीरामलाही हसू आलं, पण त्यानं ते मिशीत ठेवलं.

"तुमचे पैसे परत देतो, मॅडम. दुसरीकडं बसवून घ्या."

"पैसे घेऊन काय करू, काका? दुसरा कारागीर आतले जुने पितळेचे सूर काढून नवे टाकतो. मग ती आईची पेटी राहील का? खालचे सूर तुम्ही असे लावलेत, की मी पहिल्या दिवशी रडले होते." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "घासा तुम्हीच. ऐकते मी."

कागदावर दोनच ओळी आल्या. बळीराम पेटी पुन्हा बसवून देईल, त्या वेळी तक्रारदार हजर राहील. तक्रार मिटली.

"मॅडम हजर काहून राहतीन, हे कोणी विचारलं तर?" बळीराम सही करता करता म्हणाला.

"ते लिहिलेलं नाही," ऋचा म्हणाली.

रविवारी प्रतिमाबाई दुकानात आल्या आणि स्टूल घेऊन बसल्या. बळीरामनं पेटी उघडली, आतले पितळेचे सूर पुसले. अर्धं काम झालं असेल, तोच भजन मंडळीतला आलोक आपली पेटी घेऊन आला.

"अरे दीदी, आप? इन पर तो आपने केस किया था ना?"

"मिट गया, भैया."

"अच्छा? गलती किसकी निकली?"

बळीरामची कानस थांबली.

"पेटी पुरानी है," प्रतिमाबाई म्हणाल्या. "टाइम लगता है."

"मेरी भी देख लेना, काका. ऊपर के सुर कच्चे हैं."

बळीराम काय सांगावं याचा विचार करत होता. तेवढ्यात प्रतिमाबाईच म्हणाल्या, "रख दो. अगले इतवार को हो जाएगी."

आलोक पेटी ठेवून ओळखीच्या कोणाशी बोलत दारातच उभा राहिला. बळीरामनं भाता ओढला आणि सर्वांत वरची पट्टी दाबली. त्याला काहीच ऐकू आलं नाही. लाकडाची थरथर तेवढी बोटांना लागली. त्यानं मान न वळवता डोळे बाजूला नेले.

मांडीवर ठेवलेल्या हाताचं एक बोट प्रतिमाबाईंनी किंचित उचललं होतं. त्यानं पितळेवर हलकेच एकदा कानस फिरवली, पुन्हा पट्टी दाबली. बोट तसंच होतं; सूर अजून चढाच. आणखी एकदा फिरवली.

बोट खाली आलं.

बळीरामनं पितळेचा चुरा फुंकून उडवला आणि पुढचा सूर हातात घेतला.