चहा न होणारं घर

कारभारी खाटेवर बसून चहा पीत होते, पण हातांत काहीच नव्हतं. ते फुंकर घालत होते, घोट घेत होते. केशरबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकल्या.

“पानी घ्या थोडं.”

“नको. आयनं पाजला आत्ता चहा. पोट भरलं माजं.”

सासूबाईंना जाऊन किती वर्षं लोटली होती!

पुणतांब्याच्या त्या घरात वैशाख लागल्यापासून चहा उकळला नव्हता. कारभारींना लघवी कमी होऊ लागली, तेव्हा चहा अंगातलं पाणी ओढून घेतो, असं चार बायका म्हणाल्या. बोअरचं मचूळ पाणी त्यांना जन्मात आवडलं नाही. ते राहत दिवसाच्या तीन-चार कपांवरच. केशरबाईंनी घाटावर जाऊन गोदामाईला शब्द दिला, की महिना सरेपर्यंत घरात चहा होणार नाही, पण धन्याला बरं कर. चहापत्ती शेजारी देऊन टाकली. नेम मोडणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

तरी रोज दुपारी, शेगडी थंड असताना, घरात आल्याच्या चहाचा वास भरे. शेजारून येत असेल म्हणून त्यांनी दारं-खिडक्या लावून पाहिल्या. वास आणखी दाट झाला.

त्या दिवशी आरोग्य केंद्राची आशाताई सुरय्या तब्येत बघायला आली. तिनं कारभारींच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर कातडीची घडी तशीच उभी राहिली. चहा बंद केल्याचं ऐकून ती केशरबाईंकडं वळली.

“काकी, चहात पानीच असतंय की. तीन-चार कपानं अंग सुकत न्हाई. त्यांचं पानी त्याच कपातनं पोटात जात हुतं, तेच तुमी तोडलं.”

कोपरगावच्या दवाखान्यात न्यायला टेम्पो आणते, तोवर घोट-घोट काहीतरी पाजा, न्हाईतर वाटेतच जातील, असं सांगून ती धावत गेली.

केशरबाईंनी नदीच्या दिशेनं हात जोडले. चहापत्ती परत मागून आणली, आलं ठेचलं, चहा उकळला. पातेल्यातून वाफ निघाली, पण वास आला नाही. सगळा वास खाटेपाशीच होता.

त्यांनी कप पुढे केला. कारभारींनी तोंड फिरवलं.

“आत्ताच झाला.”

उशाशी चादर दबलेली होती, कुणी टेकून बसावं तशी. केशरबाईंनी, सासूबाईंसमोर घेत तसा, डोक्यावरून पदर घेतला.

“आत्याबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “आता माज्या हातनं पिऊ द्या त्यांना.”

चादर सावकाश सपाट झाली. कारभारी लहान पोरासारखे इकडंतिकडं बघू लागले.

“आय गेली?”

“व्हय.”

त्यांनी तोंड उघडलं. केशरबाई घोट-घोट पाजत राहिल्या. दारात टेम्पो वाजला, तरी त्यांनी पदर खाली घेतला नाही.