कवळीचा खर्च

रंगाऱ्याने पावत्यांचे दोन गठ्ठे टेबलावर ठेवले. रंगकामाचा जाडजूड, बँडचा जेमतेम चार कागदांचा. आठवडाभर भिंती रंगवायच्या आणि सुट्टीला लग्नांत क्लॅरिनेट वाजवायचं, अशी दोन डगरींवर पाय ठेवून त्याची वीस वर्षं गेली होती. शेजारच्या खुर्चीत बायको पिशवी मांडीवर धरून बसली होती.

कर सल्लागार बाईंनी रंगकामाचे कागद झरझर उलटले. शिडी, रोलर, पॉलिशपेपर, पेट्रोल. सगळं खर्चात बसत होतं. बँडच्या गठ्ठ्यातली पहिलीच पावती बघून त्या थांबल्या.

"ही दातांच्या डॉक्टरांची?"

"हो. वर्षाच्या सुरुवातीलाच शिडीवरून पडलो, वरचे चार दात गेले. कवळी बसवली. आधी ती रंगकामात लावली होती. मग म्हटलं, भिंत रंगवायला दात कुठे लागतात? लागतात ते क्लॅरिनेटला. वरचे दात नीट टेकले नाहीत तर सूर धरत नाही."

"आणि जेवायला?"

"जेवायलाही लागतात."

"म्हणूनच हा खर्च कुठल्याच धंद्यात धरता येणार नाही, दादा. दात तुमचे, धंद्याचे नव्हेत."

"दात गेले ते मात्र धंद्यापायीच," बायको पुटपुटली.

बाईंनी पावती बाजूला ठेवली. "वाद्याची दुरुस्ती आहे, बँडचा कोट आहे. पण बँडची कमाई? वर्षभरात एक पैसाही नाही."

"असं कसं होईल?" बायको म्हणाली. "दर सुट्टीला क्लॅरिनेटची पेटी घेऊन जातात की. पैसेही आणून देतात."

बाईंनी पुन्हा जाड गठ्ठा ओढला. "सुट्टीच्या दिवसांची कमाई रंगकामात दिसते. कुठल्याशा गोदामाची."

रंगाऱ्याने मान खाली घातली. नखांच्या कडांत पांढरा रंग अडकला होता, तो खरवडत राहिला.

"कवळी बसवल्यावर एका लग्नाला गेलो," तो अखेर म्हणाला. "पहिल्याच गाण्यात ती सरकली. मग नुसती बोटं हलवत उभा राहिलो. ऐकणाऱ्यांना कळलं नाही. बँडमास्तरांना कळलं. तरी त्यांनी पैशांचं पाकीट पुढे केलं. मी घेतलं नाही. पुन्हा गेलो नाही."

"सुट्टीलाही अंगाला रंगाचा वास यायचा," बायको म्हणाली. "मला वाटायचं, इतक्या वर्षांचा मुरलाय."

बाईंनी पेन उचललं, पण लगेच काही लिहिलं नाही. "फॉर्ममध्ये विचारतात, दादा. दुसरा धंदा चालू लिहू की बंद?"

भिंतीवरचा पंखा दोनदा इकडून तिकडे फिरला.

"बंद लिहा."

"तारीख?"

त्याला ती आठवावी लागली नाही.

खाली उतरताना मधल्या जिन्यावर बायकोने त्याची बाही धरली. "अहो, मला तरी सांगायचंत."

"तुला सांगितलं असतं म्हणजे खरंच संपलं असतं गं."

तिने बाही सोडली नाही. मग म्हणाली, "येत्या सुट्टीला गोदामात जाऊ नका. घरी थांबा."

"घरी बसून काय करू?"

"काही करू नका. जेवा, झोपा. रडायचं असेल तर रडा."

तो तिथेच पायरीवर बसला. पिशवी पायाशी ठेवून तीही शेजारी टेकली. वर कामासाठी निघालेली माणसं दोघांना वळसा घालून जात राहिली.