सुमिलांग निवडून आला असता तर

बेटावरच्या आमच्या सांता ब्रिगिदा गावात राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीची मतं तीन दिवस मोजली गेली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती बदलली. बदललेले आकडे माझ्या अक्षरात आहेत. त्याखाली सही रोसेंदा मॅडमची आहे.

रोसेंदा मॅडम तेव्हा आमच्या भागातल्या शाळांच्या पर्यवेक्षक होत्या. गावाची बेरीज करणाऱ्या तिघांच्या मंडळात शाळांकडून एक जण लागतो, म्हणून त्यांना बसवलेलं. मी तिसरीची शिक्षिका. माझं अक्षर चांगलं, म्हणून मॅडमनी मला लिहायला बोलावलं होतं. खरी बेरीज अशी होती: सेनेटर सुमिलांग पाच हजार नऊशे बारा, गादीवरचे राष्ट्राध्यक्ष दोन हजार एकशे चाळीस. मेयरचा सेक्रेटरी आबेलार्दो मोजणीच्या वरच्या खोलीत आला आणि म्हणाला, "नावं आहेत तिथेच राहू दे, आकडे तेवढे एकमेकांच्या जागी लिहा. शाईसुद्धा जास्त लागणार नाही."

मंडळातले बाकीचे दोघे कोऱ्याच कागदावर सह्या करून मोकळे झाले होते आणि कागदी ताटलीतल्या पान्सितच्या शेवया खात होते. मॅडम म्हणाल्या, "मी सही करणार नाही." आबेलार्दो चिडला नाही. त्याने खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाला, "तुमची मायुमी साडेबाराला सुटते ना शाळेतून? पुलावरून एकटीच येते म्हणे. अकरा वर्षांची पोर, जपायला हवं."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी लिहायला घेतलं. त्यांनी सही केली आणि तशाच उठून, छत्रीसुद्धा न घेता, पुलाकडे गेल्या.

देशभरात मिळून राष्ट्राध्यक्ष बावीस हजार मतांनी जिंकले. आमच्यासारखी तीन गावं उलटली की तेवढा फरक सहज पडतो. हे गणित तिसरीतल्या पोरालाही जमलं असतं.

मॅडमचा नवरा लिओन्सियो, मी त्याला कुया लिओन म्हणायची, म्हणजे लिओनदादा. तो जीपनी, म्हणजे भाड्याची प्रवासी जीप, चालवायचा आणि सुमिलांगचा गावातला सगळ्यांत जवळचा माणूस होता. जीपनीवर भोंगा बांधून दोन महिने त्याने डोंगरवाटा पालथ्या घातल्या होत्या. आमच्या डोंगरात तांब्याची खाण आहे. तिचा राखाडी गाळ एका धरणात साठवायचे, आणि ते धरण नदीच्या अगदी डोक्यावर. चर्चसमोरच्या चौकात उभं राहून सुमिलांग म्हणाला होता, "मी निवडून आलो तर माझी पहिली सही ही खाण बंद करण्याच्या कागदावर होईल." बायका रडल्या होत्या. मीही रडले होते.

निकालानंतर सुमिलांगने तक्रार केली, तीन महिन्यांनी देशाच्या भल्यासाठी मागे घेतली, आणि वर्षभरात राजदूत होऊन परदेशी गेला. कुया लिओन त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलला नाही. मॅडमवर तेव्हा रागावला, पण समजूनही घेतलं. "पोरीसाठी केलंस," एवढंच म्हणाला.

दोन वर्षांनी ऑक्टोबरातल्या एका वादळानंतर, सकाळी सात वाजता, ते धरण फुटलं. मायुमी शाळेला निघाली होती. पूल गेला आणि पुलावरची नऊ माणसं गेली. ती चौथ्या दिवशी नदीच्या मुखाशी सापडली, डोक्यापासून पायापर्यंत राखाडी. मॅडमनी तिला अंघोळ घातली. मी पाणी आणून देत होते. गाळ कानातून निघता निघत नव्हता.

नवव्या दिवशीची प्रार्थना संपली, लोक कॉफीचे पेले घेऊन अंगणात बसले, आणि तेव्हा कुया लिओन उभा राहिला. सगळ्यांसमोर बायकोला म्हणाला, "तुझ्या सहीने मारलं तिला."

मी पेले गोळा करत होते, करत राहिले. आकडे मी लिहिले होते, पण मला त्या दिवशी किंवा नंतर कधीच कुणी काही म्हटलं नाही. अक्षराला कोण विचारतो.

त्यानंतर कुया लिओनने जीपनी विकली. रोज दुपारी तो चारिंगच्या दुकानासमोरच्या बाकावर ताडी घेऊन बसायचा आणि दुसऱ्याच एका देशाची गोष्ट सांगायचा. त्या देशात सुमिलांग निवडून आला होता. पहिल्याच दिवशी खाणीला टाळं लागलं. धरण रिकामं करून वर झाडं लावली. नदीत पुन्हा कोळंबी आली. चारिंगच्या मुलाला मोलमजुरीसाठी सौदीला जावं लागलं नाही. सुरुवातीला लोक ऐकताना डोळे पुसायचे. मग त्यांना चटक लागली. मग ते थट्टा करू लागले, पण ऐकायला येतच राहिले.

"काय लिओन, आज काय झालं तुझ्या देशात?" कुणीतरी विचारायचं.

"आज भाताला भाव वाढवून दिला. आणि बंदराच्या कामाला सुरुवात झाली."

"कंत्राट कुणाला दिलं? आमच्या मेव्हण्याला बघ की."

"तुझ्या मेव्हण्याला त्या देशातसुद्धा कोणी उभं करत नाही."

लोक हसायचे. मग तो मायुमीवर यायचा आणि हसणं थांबायचं. त्या देशात ती दरवर्षी एक वर्षाने मोठी व्हायची. आठवीत तिला गणिताचं बक्षीस मिळालं. मग ती नर्सिंगला गेली. एक मुलगा तिच्या मागे होता, कुया लिओनला तो पसंत नव्हता. मॅडम बरोबर त्याच वेळी शाळेतून परत यायच्या, रस्ता तोच होता. त्या दिसल्या की तो आवाज चढवायचा, "मॅडम, ऐकताय ना? तुमची मुलगी परीक्षेत पास झाली."

मॅडम मान खाली घालून जायच्या. एकदा मी म्हटलं, "मॅडम, मागच्या गल्लीने जात जाऊ."

"का? मला ऐकायचं असतं," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण सांगणार मला तिची खबर?"

अशी अकरा वर्षं गेली. एका घरात राहून दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलायची. मॅडम भात रांधायच्या, तो जेवायचा. मॅडम निवृत्त झाल्या त्या महिन्यात मला म्हणाल्या, "देल्फिना, सुमिलांग परत आलेत. तागायतायला राहतात. मला एकदा त्यांचा हात कपाळाला लावून माफी मागायची आहे. तू चल. आकडे तू लिहिलेस."

मला जायचं नव्हतं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला ते म्हटलं होतं, म्हणून गेले.

पहाटेची बोट, मग बस, मग रिक्षा. सुमिलांगचं घर टेकडीवर होतं, ऑर्किडच्या कुंड्यांनी भरलेलं. म्हातारा झाला होता, पण हसणं तेच, चौकातलं. त्याने आम्हाला कालामान्सी लिंबांचं सरबत दिलं. मॅडमनी त्याचा हात कपाळाला लावला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: आकडे, सही, आबेलार्दो, मुलगी, धरण. मध्ये एकदाही आवाज कापला नाही. शेवटी म्हणाल्या, "मी सही केली नसती तर तुम्ही निवडून आला असतात, आणि खाण बंद झाली असती. माझी मुलगी आज चोवीस वर्षांची असती."

सुमिलांगने ऐकून घेतलं. पेला खाली ठेवला.

"बाई, बसा आधी," तो म्हणाला. "आकडे उलटवल्याचं मला त्याच आठवड्यात कळलं होतं. त्याच्या बदल्यात जे मिळायचं ते मला मिळालं. तुमच्यावर माझा राग नाही."

"आणि खाण?"

"खाणीचं काय?"

"तुम्ही बंद करणार होतात. चौकात म्हणालात."

"चौकात माणूस बोलतो," तो म्हणाला. मग जरा मऊपणाने, "हे बघा, तुम्ही एवढ्या लांबून आलात, खोटं कशाला सांगू? त्याच दिवशी संध्याकाळी मी खाणीच्या मॅनेजरच्या बंगल्यावर जेवायला होतो. आणखी पंचवीस वर्षांची परवानगी देतो असं मी त्यांना सांगून आलो होतो. नाहीतर निवडणूक कशी लढायची? गावातल्या तुमच्या त्या पोराला विचारा ना, जीपनीवाल्या. काय नाव त्याचं, लिओन. त्यानेच नेलं होतं मला वर. टेबलाशीच बसला होता आमच्यासोबत. फार हसवायचा. बरा आहे ना तो?"

"बरा आहे," मॅडम म्हणाल्या.

तो आपला नवरा आहे, हे त्यांनी सांगितलं नाही. सुमिलांगने निघताना एक ऑर्किडचं रोप दिलं, वर्तमानपत्रात गुंडाळून. ते मॅडमनी बसमध्ये सीटवर ठेवलं आणि तसंच सोडून उतरल्या.

बोटीवर त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चौकातलं भाषण झालं त्या रात्री हा घरी जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. मी आल्याचा काढा करून दिला होता."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गावात पोचलो. मी घरी जायला वळले तर मॅडमनी माझं मनगट धरलं. "तू चल. साक्षीला कोणीतरी हवं."

कुया लिओन दुकानावर निघायच्या तयारीत होता, शर्टाची बटणं लावत. मॅडमनी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "मॅनेजरच्या बंगल्यावर जेवायला काय होतं?"

त्याचा हात बटणावर थांबला. त्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग मॅडमकडे. कोणता बंगला, कधी, असं काही त्याने विचारलं नाही. मला वाटतं, तिथेच सगळं संपलं.

"डुक्कर भाजलेलं होतं," तो म्हणाला.

"आणि पंचवीस वर्षं."

"हो."

"तुला माहीत होतं."

"मला वाटलं तो त्यांना फसवतोय," कुया लिओन म्हणाला. "आपल्याला नाही. त्यांना. जिंकेपर्यंत माणूस काहीही बोलतो, असं मी स्वतःला समजावलं. शप्पथ सांगतो, मला तसंच वाटलं होतं."

"आणि ती गेली तेव्हा? तेव्हाही तसंच वाटत होतं?"

तो खाटेवर बसला. "तेव्हा नाही."

"मग अकरा वर्षं, लिओन?"

बाहेर कोणाचा तरी कोंबडा दोरीला हिसके देत होता. मग तो म्हणाला, "तुझी सही होती. कागदावर होती, सगळ्यांना दिसत होती. माझं कुणी बघितलं नव्हतं. मी काय करू? कुणाचं तरी नाव घेतल्याशिवाय मला श्वास येत नव्हता."

"मला येत होता?" मॅडमनी विचारलं.

मी दारात उभी होते, आणि खरं सांगते, मला त्याची कीव आली आणि त्याच क्षणी त्याच्या तोंडात मारावीशीही वाटली. मॅडमनी दोन्हीतलं काही केलं नाही. त्यांनी तांदूळ निवडायला घेतले. एका माणसापुरते.

तो दुकानावर गेला. सवयच होती, दुसरं कुठे जाणार? तासाभराने मॅडम उठल्या आणि निघाल्या, मी मागोमाग. बाकावर पाच-सहा जण होते. कुया लिओन पेला हातात धरून मुकाट बसला होता आणि बाकीचे त्याला डिवचत होते.

"अरे बोल की. सुमिलांग निवडून आला असता तर? आज काय, संप आहे का तुझ्या देशात?"

मॅडम बाकासमोर उभ्या राहिल्या. "मी सांगते," त्या म्हणाल्या. शाळेत धडा सांगायच्या त्याच आवाजात. "सुमिलांग निवडून आला असता तर खाण चालू राहिली असती. पंचवीस वर्षं. त्याने तसा शब्द दिला होता. धरण त्याच सकाळी फुटलं असतं. पुलावर तीच नऊ माणसं असती. कोळंबी आली नसती. चारिंग, तुझा मुलगा सौदीलाच असता."

चारिंग दुकानातून बाहेर आली होती. तिचा चेहरा कसनुसा झाला. "मॅडम, एवढं तोडून कशाला बोलायचं?" ती म्हणाली. "ऐकायला बरं वाटायचं आम्हाला. तुमच्या घरातलं भांडण तुम्ही घरात ठेवा ना."

"हो ना," एक जण म्हणाला. "त्याचा विरंगुळा होता, आमचाही होता. तुमच्या सहीचं आम्ही कधीच माफ केलंय."

सहीचं माफ केलंय. सगळं ऐकूनही बाकावरच्या कुणीही कुया लिओनला विचारलं नाही की तुला हे ठाऊक होतं का. त्याच्यासाठी त्यांनी आणखी एक पेला भरला.

आठवड्याभरात तो कपड्यांची पिशवी घेऊन बेटाच्या पलीकडच्या बाजूला, भावाकडे राहायला गेला. मॅडमनी अडवलं नाही. गावात लोक मॅडमशी बोलेनासे झाले. आधी त्यांनी सही केली होती तेव्हाही नमस्कार करायचे; आता रस्ता बदलू लागले. खाण मध्ये काही वर्षं बंद पडली होती, ती यंदा नव्या नावाने सुरू झाली आहे. धरण आता सिमेंटचं आहे, असं सांगतात.

मागच्या महिन्यात माझं पलीकडे लग्नाला जाणं झालं. तिथेही एक दुकान आहे, तिथेही बाक आहे. कुया लिओन खंगलाय, पण गोष्ट सांगतो. तिथल्या लोकांना मॅडम कोण ते ठाऊक नाही. तिथे सुमिलांग निवडून आलाय, खाण बंद आहे, आणि मायुमीचं त्याच मुलाशी लग्न झालंय, जो त्याला पसंत नव्हता. तिला मुलगा झालाय. मी मागे उभी राहून ऐकलं आणि त्याला न भेटता परत आले.

मॅडमना सांगावं की नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. शेवटी सांगितलं. त्या मासे साफ करत होत्या. हात थांबले नाहीत.

"नाव काय ठेवलंय नातवाचं?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. पुन्हा गेले की विचारून येईन, असं म्हटलं. अजून गेलेली नाही.