अकरा मिलिमीटर

पित्ताशय काढून दोन वर्षं झाली तरी भामाचं दुखणं गेलं नाही. उजव्या बरगडीखाली कळ यायची आणि पाठीत घुसायची. उलव्याच्या बाजारात मासे विकताना, गिऱ्हाईक समोर असतानाच ती वाकून बसायची. नवरा दादू म्हणायचा, "पिशवीच काढली, आता दुखायला काय उरलाय?" गव्हाण गावात चारचौघांसमोर त्याने हे इतक्यांदा म्हटलं, की भामाने दुखण्याचं नाव काढणंच सोडलं.

या मार्चमध्ये बाजारातच तिला भोवळ आली, तेव्हा पनवेलला सोनोग्राफी झाली. पित्तनलिका अकरा मिलिमीटर रुंद निघाली. ऑपरेशनआधी पाच होती. अडथळा असू शकतो, एमआरआय करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादूचा चेहरा उतरला. घरी आल्यावर त्याने स्वतः तिचं अंथरूण घातलं. पुढचे दहा दिवस बाजार सून प्रांजलने सांभाळला. दादू उशाशी बसून तिला पेज द्यायचा, फार दुखतं का विचारायचा. तीस वर्षांत त्याने असं कधी विचारलं नव्हतं.

एमआरआय स्वच्छ आला. खडा नाही, गाठ नाही, रक्तही चांगलं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की पिशवी काढल्यावर काहीजणांची नलिका रुंद होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

"मंग माज्या पोटात दुखतं ते?" भामाने विचारलं.

बाई म्हणाल्या, दुखणं खरंच आहे. नलिकेच्या तोंडाशी झडप असते, ती आवळत असेल. गोळ्या देते, महिन्याने नक्की दाखवा. पण दादू तोवर बाहेर जाऊन फोन लावत होता. भावाला, व्याह्याला, सगळ्यांना त्याने एकच सांगितलं, की नळी रुंद हाय पण नॉर्मल हाय, हिला काय झालेला नाय.

दुसऱ्या दिवसापासून भामा पुन्हा बाजारात बसू लागली. आठवड्याभराने मासे निवडताना ती प्रांजलला म्हणाली, "एकादी गाठ निघाली असती तं बरा झाला असता."

प्रांजल घाबरली. तिने ते सासऱ्याच्या कानावर घातलं. दादू भामासमोर येऊन उभा राहिला.

"लोक बरं व्हायला नवस करतात, आन् तुला रोग पायजे?"

भामाने माशांची पाटी उचलली आणि ती बाजाराला निघाली.

महिना उलटला, गोळ्या संपल्या. दाखवायला जायचंय, असं प्रांजलने दोनदा सुचवलं. चांगल्या माणसाला दवाखान्यात कशाला न्यायचा, असं म्हणून दादूने तो विषय संपवला. त्या गोळ्यांनी कळ निम्मी कमी झाली होती. भामाने ते कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नव्हतं.