रिकाम्या पारड्याचे वजन

मित्रांनो, एक लोखंडी दांडी, साखळ्यांना टांगलेली दोन पितळी पारडी आणि मधोमध उभा काटा, एवढाच माझा देह. मी नांदगाव खंडेश्वरच्या एका माळी कुटुंबाचा जुना तराजू. ऐरणीवर जन्मलो, भाज्यांच्या ओल्या वासात वाढलो. आम्ही बसतो त्या अमरावतीच्या राजापेठेच्या बाजारात आता सगळीकडे आकडे लखलखणारी यंत्रे आहेत. तरी माझ्या धन्याने, चंद्रभानने, मला सोडले नाही.

चंद्रभान फौजेतून परतला तेव्हा लोकांनी त्याला हारांनी झाकले होते. मग तो वडिलांच्या जागी भाजी विकायला बसला. पण कडेवर लेकरू घेतलेली बाई समोर आली, की त्याचे माप सुटे. वांगी, टमाटे, हाती येईल ते तो टाकत राही. पारडे जमिनीला टेकले तरी थांबत नसे.

"धंदा करून राहिले का दानधरम?" त्याची बायको रुख्मिणी चिडवी. पुढे तिचे चिडवणे थांबले, कारण तो बोलेनासाच झाला. एके दिवशी म्हणाला, "दुकान बंद करू. माह्या हातून माप होत नाही आता."

त्याच सुमारास प्रणाली आली. अमरावतीत मानसशास्त्र शिकणारी ही मुलगी माजी सैनिकांच्या मनावरच्या जखमा समजून घ्यायला त्यांना भेटत असे.

"काका, भीतीचं नाही विचारत. जे करावं लागलं, किंवा करता आलं नाही, ते किती सलतं? शून्य म्हणजे काहीच नाही, चार म्हणजे खूप; कुठं ठेवाल?"

चंद्रभानने मला उचलले. मी रिकामा होतो, तरी माझे उजवे पारडे खाली गेले. त्या बाजूची साखळी एकदा तुटली होती. सांधल्यावर ती जड झाली.

"हे पाह्य, पोरी. वर काहीच नाही, तरी झुकते. तसं हाय."

मग तो सांगू लागला. नाक्यावर पहारा होता, फाटक न उघडण्याचा हुकूम होता. तापाने फणफणलेले लेकरू घेऊन एक बाई दवाखान्यात जाऊ द्या म्हणून विनवत राहिली. "हुकूम बरोबर होता. म्या फाटक नाही उघडलं. लेकरू तिथंच गेलं."

'तुमची चूक नव्हती' असे प्रणाली म्हणाली नाही. तिने पेन खाली ठेवले. "आकडा नंतर लिहू, काका. त्या बाईबद्दल सांगा."

ती येत राहिली. पुढे आणखी दोन माजी सैनिकांना घेऊन आली. आकडाही लिहिला गेला, पुन्हा पुन्हा विचारला गेला. जखम भरते आहे की नाही, हे कळायला माप लागतेच.

रुख्मिणीने वावरातला एक खडा आणून माझ्या हलक्या पारड्याखाली बांधला. दोन्ही पारडी सारखी झाली; अशा खड्याला आम्ही पासंग म्हणतो. ती नवऱ्याला म्हणाली, "जड बाजू काई हलकी होत नाही. पण दुसऱ्या बाजूले आमी हावो नं."

मित्रांनो, गंजलेला काटा कधीच झुकत नाही. माझ्या धन्याचा काटा जिवंत आहे, म्हणून तो दुखतो. आणि म्हणूनच मला त्याचा अभिमान आहे.

परवा कडेवर लेकरू घेतलेली एक बाई आली. चंद्रभानने वांगी नेमकी तोलली. माझा काटा सरळ उभा राहिला. मग टोपलीतला एक पेरू उचलून त्याने लेकराच्या मुठीत दिला.

"हे मापातलं नाही, बाई. हे माह्याकडून."

फौजेतून परतलेला कुणी भेटला, तर पराक्रम विचारण्याची घाई करू नका. आधी जवळ बसा. कोणत्याही तराजूला आपला खडा आपल्या हाताने बांधता येत नाही.