राबाच्या पाल्यावरचा कागद

मी भित्रा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. चिंचणीच्या नरहरीच्या वाडीत बांबूच्या कमानींवर भाजीसाठी एक प्लॅस्टिकचं घर होतं. त्या घराचा मी कागद बोलतोय. वाऱ्याला भ्यायलो, पावसाला भ्यायलो, कावळ्याच्या चोचीलाही भ्यायलो. पण खरी भीती विस्तवाची, आणि आज तो पुन्हा जवळ येतोय.

माझा जन्म कारखान्यातला. कुठल्या, ते आठवत नाही; फार गरम होतं एवढं आठवतं. बोईसरच्या दुकानात गुंडाळी होऊन पडलो होतो, तेव्हा नरहरीने मला अंगठ्याने चोळून पाहिलं आणि सायकलला बांधून वाडीत आणलं. सत्त्याऐंशी साल होतं. असलं घर गावात कुणी पाहिलं नव्हतं. लोक येत, आत डोकावत, यात राहणार कोण, वांगी का, असं विचारून हसत. नरहरीही हसे, आणि मग बराच वेळ खोकत राही.

तो बोईसरला एका रंगाच्या कंपनीत पाळीवर जायचा. आंघोळ करून अंग पुसलं तरी पंचा पिवळा व्हायचा. त्याची बायको मंदा तो पंचा माझ्यासमोरच्या दोरीवर वाळत घालायची आणि धुऊनही न गेलेल्या त्या रंगाकडे बघत उभी राहायची. आमच्याकडे भर पावसात भाजी टिकत नाही. पाऊस रोपं झोडपून काढतो. माझ्या आडोशाला ती पावसाळ्यातही पिकली, तर वर्षभर वाडीवर भागणार होतं.

"पावसात भाजी निघाली का मी कंपनी सोडीन," नरहरी म्हणाला. "तवर काय बोलू नको."

"मी कुठं बोलते? तुमची छाती बोलते," मंदा म्हणाली.

हे ऐकलं आणि माझी झोप उडाली. एका माणसाची छाती माझ्यावर अवलंबून, आणि मी हा असा, साधी झुळूक आली तरी फडफडणारा.

पहिल्या पावसाळ्यात मी थरथरत का होईना, टिकलो. पण आतली रोपं बुडाशी कुजून माना टाकू लागली. नरहरी रोज सकाळी आडवी झालेली रोपं वेचायचा. श्रावण लागायच्या आत वाफा रिकामा झाला. शेजाऱ्यांनी कारण सांगितलं ते एकच, राब भाजला नव्हता. इथे रोपं टाकायची जमीन उन्हाळ्यात भाजून घेतात. पाला, गवत, शेण पसरायचं, वर मातीचा पातळ थर द्यायचा आणि पेटवायचं; तण जातं, कीड जाते. नव्या तऱ्हेच्या घरात जुनी रीत कशाला, असं नरहरीला वाटलं होतं. तो कंपनीत जात राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात त्याने ठरवलं, राब भाजायचा, आणि घराच्या आतच. मला कमानींवर पट्ट्या ठोकून बसवलं होतं. काढायला गेले असते तर फाटलो असतो. म्हणून दोन्ही बाजूंनी गुंडाळत वर नेलं आणि आढ्याच्या बांबूला सुतळीने बांधलं. उन्हाळ्यात वाडीवर कामाला येणारी डोंगराकडची पारू पाल्याचे भारे घेऊन आली. मी वरून पाहत होतो. खाली सुकी पानं, शेणाचा चुरा, आणि नरहरीच्या हातात काडेपेटी. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो.

चूक कुणा एकाची नव्हती. राब भाजताना इथली माणसं खाली बघतात, आग बांधापलीकडे सरकू नये म्हणून. उघड्या शेतात वर असतं काय, तर आभाळ. वर बघायची सवयच कुणाला नव्हती.

दुपारी पाळीवरून आलेल्या नरहरीने राब पेटवला आणि समुद्राकडून वारा सुटला. धग वर आली, सुतळी जळाली, माझं एक टोक सुटून खाली लोंबलं आणि पेटलं. मी थेंब थेंब गळू लागलो. ती भीती आठवली की अजून अंग आक्रसतं. मला ओढायला नरहरी धावला, तर माझा काळा धूर त्याच्याच नाकातोंडात गेला. तो विहिरीपाशी मट्‌कन बसला. श्वास आत जाईना, डोळे पांढरे झाले. मंदा घागर टाकून त्याच्याकडे पळाली. पारूने कोयता उचलून मला मधोमध कापलं, म्हणून अर्धा तरी वाचलो.

नरहरीचा श्वास परत आला तेव्हा मंदा रडत होती. "कंपनीचा धूर कमी होता, म्हनून वाडीत पन पेटवलात?" ती म्हणाली.

उरलेल्या कागदावर अर्धंच घर उभं राहिलं. पण भाजलेल्या मातीत रोपं अशी तरारली की पारूसुद्धा येता-जाता त्यांच्यावरून हात फिरवी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं प्रत्येक वादळ माझ्याच कोपऱ्यावर यायचं. तरी टिकलो. श्रावणात मासळी बंद, घरोघर भाजीची ओढ, आणि ताजी वांगी मंदाच्या टोपलीत. बोईसरच्या बाजारात तिची टोपली बघता बघता रिकामी व्हायची. गणपती झाले आणि नरहरीने कंपनी सोडली. तिथले बूट तो आता वाडीच्या चिखलात घालतो. खोकला पुरता गेला नाही, पण पंचा हळूहळू पांढरा झाला. तो पांढरा पंचा दोरीवर पाहिला, त्या दिवशी मी वाऱ्यात थोडा कमी थरथरलो.

मग उन्हाने मी पिवळा पडलो, कडा चुरायला लागल्या. यंदा घरावर नवा कागद आला. त्याला सोडता-बांधता येतं, राबाच्या आधी उतरवून ठेवतात. तेवढा शहाणपणा आला आहे. मला घडी करून गोठ्याच्या माळ्यावर टाकलं होतं. आज पारूने मला खाली ओढलं आणि राबाच्या पाल्यावर ठेवलं. पाला ओलसर आहे. जुना कागद मध्ये घाल, लवकर पेट घेईल, असं नरहरीनेच तिला सांगितलं. माणसं किती लवकर विसरतात.

जळायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. नरहरी, काडी ओढायच्या आधी पाल्यात नीट बघ, तिथे मी आहे. मला खड्ड्यात पुरून टाक, कोंबड्यांच्या खुराड्यावर घाल, कुडाच्या भोकात कोंब. फक्त पेटवू नकोस. माझा धूर तुझ्या छातीत पुन्हा जायला नको.

मंदाने आत्ताच पंचा दोरीवर घातलाय. अगदी पांढरा आहे. आणि समुद्राकडून वारा सुटलाय.